धुळ्याला नेलेलं सीझियमचं घड्याळ

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेतलं सीझियमचं फिरतं अणुघड्याळ धुळ्याच्या एका तपासणी केंद्रात न्यायचं होतं, तिथल्या घड्याळाची चूक मोजायला. मला खानदेश पाहायचा होता, म्हणून मीच हात वर केला.

चाळीसगावला धुळ्याच्या पॅसेंजरचं दुसरं तिकीट घड्याळासाठी मागितलं. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "वय?" म्हटलं, "तीनेक हजार वर्षांत एखादा सेकंद चुकतं." त्याने पूर्ण तिकीट दिलं. घड्याळ बॅटरीवर चालू, माझ्या शेजारी बसलेलं. बाहेर कापूस फुटला होता आणि गाडी अशी रमतगमत चालली होती की मला वेळ ही गोष्टच खोटी वाटू लागली. तुम्ही जाल तर हिवाळ्यातच जा.

केंद्राचं घड्याळ अकरा वर्षं नानांनी सांभाळलं होतं. निवृत्तीला वर्ष उरलेला शांत माणूस. रोजची नोंद सुंदर अक्षरात. दोन्ही घड्याळं जोडली आणि दुसऱ्या दुपारी कळलं, नानांचं घड्याळ दिवसाला तीन मायक्रोसेकंद पुढे पळतंय. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. नियमाने चूक चालते ती दिवसाला फक्त एका मायक्रोसेकंदाची.

"मग?" नानांनी विचारलं.

"मग यंत्र पुण्याला जाईल, नाना. खोली बंद."

त्यांनी वही उघडून तो आकडाही सुंदर अक्षरात लिहिला. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी घड्याळांना एकमेकांच्या सोबतीला ठेवून मी एसटीने जळगावला गेलो. अडीच-तीन तास, रस्ता बरा. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी इतकी खाल्ली की परतीच्या बसमध्ये उन्हात डोळे मिटून नुसता तरंगत होतो.

चौथ्या सकाळी पाहिलं तर दोन घड्याळांतल्या फरकाच्या आलेखावरची चढती रेघ आदल्या दुपारपासून एकदम आडवी. फरक वाढायचा थांबलेला! झाकणाखाली एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की घड्याळाची गती किंचित बदलते. पण तपासणी चालू असताना त्याला हात लावायचा नसतो. चूक दुरुस्त करायची नसते, लिहून ठेवायची असते. नानांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"यंत्र जाऊ नये म्हणून केलंत?"

"ते शेच," नाना खाली बघत अहिराणीत म्हणाले. "पन पाव्हना घर येल शे, अन् आपलं घड्याळ त्याना पुढे पळस. बरं दिखस का?" मग थांबून म्हणाले, "बठ्ठं खरं लिखा, भाऊ."

मी सगळं खरं तेच लिहिलं, स्क्रूसकट. परतीच्या गाडीत घड्याळाकडे पाहावत नव्हतं.

पुण्यात नियमाप्रमाणे आमचं घड्याळ पुन्हा मूळ घड्याळाशी ताडलं. तेच दिवसाला तीन मायक्रोसेकंद मागे पडत होतं. जाताना कुठल्या तरी धक्क्याने बिघडलं असावं. नानांचं घड्याळ स्क्रू फिरवेपर्यंत मर्यादेच्या आत होतं. मी लाजून अहवाल बदलला आणि नानांना पत्र टाकलं.

प्रवासातलं बरंच विसरलो, भरिताची चवसुद्धा आता नीट आठवत नाही. पण लोकांच्या चुका मोजायला निघालो, की नानांचं उत्तराचं पोस्टकार्ड आठवतं:

"यंत्र इथेच राहिलं. स्क्रूला पुन्हा हात लावला नाही, फरक लिहून ठेवला आहे. घरच्यांनी जेवायला बोलावलं आहे. एकटेच या."