पांढऱ्याची वापसी

मला बुद्धिबळ बाबांनी शिकवलं. ते टपालखात्यात पत्रं वेगळी करायचे आणि आम्ही प्रताप नगरात दोन खोल्यांत राहायचो. मोहरे त्यांनी बर्डीच्या बाजारातून आणले होते. पट मात्र चहाच्या खोक्याच्या फळीवर शाईने स्वतः आखलेला होता. रविवारी जेवणं झाली की आम्ही बसायचो. बाबा मुद्दाम हरत नसत. माझा वजीर मारला की वर विचारायचे, "आता काय प्याद्यांवर राज्य करतं का वं?" माझा स्वभाव तापट, त्यामुळे मी आणखी चुकायचे.

त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. पांढरे मोहरे ज्याच्याकडे, त्याला डावात एकदा आपली चाल परत घेता येई. बाबा त्याला वापसी म्हणायचे. पांढरे मिळावेत म्हणून मी भांडायचे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची, बाहत्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. चौघांचा संघ अमरावतीला जाणार होता, तिघं ठरले होते आणि चौथी जागा एका डावावर होती. मी तोवर आईबापांशिवाय रामटेकच्या पुढे गेले नव्हते. मला ती जागा हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती. घरोघरी जुन्या पद्धतीने शिकलेली मुलं असल्यामुळे खेळाच्या सरांनी किल्लेकोट आणि प्याद्याची पहिली दोन घरं आधीच समजावून सांगितली होती. वापसीबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते काय विचारायचं?

समोर कॉमर्सचा एक मुलगा होता. डाव माझ्याकडे झुकला होता. मग मी वजीर पुढे टाकला, तो हत्तीच्या तोंडी गेल्याचं दिसलं, आणि मी शांतपणे उचलून परत जागेवर ठेवला. मुलाने सरांना बोलावलं. मी म्हटलं, पांढऱ्याला एक वापसी असतेच. सर आधी गोंधळले, मग हसले, मग सगळी खोली हसली. वजीर गेला, डाव गेला आणि अमरावतीही गेली.

घरी आले ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. बाबा जोडे काढत होते, तेवढाही धीर मी धरला नाही. माहीत नव्हतं तर शिकवायचं कशाला, लोकांसमोर माझं हसं केलं, असं वाट्टेल ते बोलले. शेवटी ओरडून विचारलं, "तुम्हाले शिकवलं कोणी हे?"

"कोणी नाही," बाबा म्हणाले. "तिथं मले कोण शिकवन?"

मग त्यांनी गावची गोष्ट सांगितली. ती धम्मदीक्षेच्या आधीची. पाटलाच्या ओट्यावर दुपारी डाव चालायचा. आमच्या लोकांना ओटा चढायची मुभा नव्हती. बाबा वैरण टाकायला जायचे आणि अंगणात उभं राहून लांबून बघायचे. विचारायची सोय नव्हती. बघून बघून त्यांनी एकेका मोहऱ्याची चाल ओळखली.

"पांढरे नेहमी पाटलाचेच असत," ते म्हणाले. "दर डावात तो एक चाल वापस घे. कोणीच काही म्हणे नाही. मले वाटलं, नियमच असन."

मला माझ्या तोंडाची लाज वाटली. माफी मागायला हवी होती, ती मी मागितली नाही. बाबांनी पट काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "अजून काय काय चुकीचं शिकवलं असन, ते पाय बरं एकदा."

दुसऱ्या दिवशी मी सरांकडून नियमांचं पुस्तक आणलं. बाबांनी एकेक मोहरा उचलून त्याची चाल सांगितली आणि मी पुस्तकात बोट ठेवून ताडून पाहिली. सरांनी सांगितलेला जुन्या-नव्या पद्धतीचा फरक सोडला तर प्यादं, उंट, घोडा, सगळं बरोबर होतं. चूक एकच होती, आणि ती पाटलाची होती.