एका बाजूची लकाकी

माधवराव कर्णे यांची आणि माझी पहिली भेट गुंगालिन उपनगरातल्या त्यांच्या गराजमध्ये झाली. कॅनबेऱ्यातला तो माझा पहिला हिवाळा. कॉन्व्हेंटमध्ये मिळालेल्या माझ्या चांदीच्या पदकाची कडी तुटली होती, आणि असलं नाजूक काम माधवरावच करतील, असं आपल्या मराठी मंडळात सगळे म्हणत. त्यांनी कडी जोडून दिली. जरा चमकवूनही द्याल का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तुझी शाळेची वर्षं बसलीत त्यावर. ती कशाला घासून टाकतेस?" परतताना सिस्टरांचा व्हरांडा आणि चॅपलमधला मेणाचा वास फार आठवला.

त्यांचा खरा जीव जुन्या जपानी तलवारींच्या साजात. मूठ आणि पातं यांच्यामध्ये एक नक्षीदार तबकडी बसते, तिला त्सुबा म्हणतात. तांब्यात थोडं सोनं मिसळून कारागीर तिच्यावर निळसर काळा रंग कसा आणत, हे माधवराव आम्हाला भिंगातून दाखवत. त्या रंगाला बोट लावायची मात्र कुणालाच मुभा नव्हती.

आणि एका खंडेनवमीला त्यांच्या पत्नीने, सुधाताईंनी, पूजेत मांडायची म्हणून त्यांची सर्वांत लाडकी त्सुबा चिंचेने घासली. एक बाजू लख्ख झाली होती, तेवढ्यात माधवराव आले. आम्ही पूजेला आलेले सगळे तिथेच होतो.

"किती काळी पडली होती," सुधाताई म्हणाल्या. "तुमचं लक्ष कुठे असतं?"

माधवरावांनी ती दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. मग हसून म्हणाले, "राहू दे आता. मांड पूजेत."

सुधाताई आज नाहीत. यंदा पंच्याहत्तरीनिमित्त माधवरावांनी सारा संग्रह एका संग्रहालयाला दिला. ती बाजू पुन्हा काळी करून घेऊ, नो वरीज, असं तिथल्या बाई म्हणाल्या. तेव्हा माधवरावांनी तेवढी एक त्सुबा उचलून कोटाच्या खिशात ठेवली. गाडीत मला म्हणाले, "एका बाजूला कारागिराची सही आहे, दुसऱ्या बाजूला हिची."

ती लकाकी आपोआप मंदावते आहे. माधवराव तिला चिंच लावत नाहीत की रंग चढवत नाहीत. रोज सकाळी खिडकीपाशी नेऊन नुसती पाहतात. पूर्ण काळवंडायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, असं तेच सांगतात. तेवढी सगळी वर्षं त्यांना धडधाकट शरीर, शाबूत नजर आणि खिडकीतलं ऊन लाभो, एवढंच आम्हा सर्वांचं मागणं.