मनीषाचे केस आणि गावभरचे उपाय

बाळंतिणीला भेटायला येणारी प्रत्येक बाई बाळाला झबलं आणते आणि आईला एक उपाय. झबली दोन महिन्यांत तोकडी होतात, उपाय मात्र वाढतच जातात. कुसगावात माझं छोटंसं पार्लर आहे, त्यामुळे हे सगळे उपाय फिरून फिरून माझ्याच खुर्चीत येऊन बसतात. त्यातले बरेचसे एकट्या मनीषाचे. मनीषा माझ्याकडे कामाला, सासर कुरवंड्याचं.

* * *

तिला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात केस इतके दाट झाले की क्लचर मिटेना. मी लगेच फोटो काढून पार्लरच्या बोर्डावर लावला. धंदा आहे शेवटी.

एक बाई फोटो बघून आत आल्या. "काय लावतेस गं केसांना?"

"काही नाही मावशी, दिवस गेलेत."

बाईंनी जरा विचार केला. "त्याच्याशिवाय दुसरं काही नाही का?"

* * *

दिवसभर दुसऱ्यांचे केस कापणाऱ्या मनीषाला स्वतःच्या केसांना कात्री लावायची बंदी. हुकूम सासूबाईंचा, म्हणजे हिराबाईंचा. गरोदरपणी केस कापले की बाळाला बाधतं म्हणे. कसं बाधतं, हे विचारायची सोय नव्हती.

टोकं फार फाटली म्हणून मी गुपचूप बोटभर ट्रिम करून दिलं. मनीषा घरी जाऊन चप्पल काढते न काढते तोच हिराबाई म्हणाल्या, "सकाळी येनी कमरंखाली चार बोटं व्हती. आता तीनच कशी?"

इतकं अचूक माप मला कोर्स करूनही घेता येत नाही.

* * *

मुलगा झाला. चौथ्या महिन्यात मनीषाचे केस गळायला लागले. उशीवर, बाळाच्या मुठीत, एकदा तर आमटीत. तिने मला फोन करून सांगून टाकलं, "ताई, हे थांबल्याशिवाय मी कामावर येणार नाही. टकल्या बाईकडून कोण केस करून घेईल?" बोलता बोलता रडायलाच लागली. बोर्डावर फोटो तिचाच, त्यामुळे मलाही हसू आलं नाही.

हिराबाईंचं निदान मात्र तयार होतं. "पोरगं आईला वळखून हसाया लागलं, की आईचं केस गळत्यात."

झालं. मनीषा दोन दिवस तोंडावर पदर घेऊन पाजायला बसली. बाळाला वाटलं, आई लपाछपी खेळतेय. ते आणखीनच खिदळायला लागलं.

* * *

मग कुणीतरी कांद्याचा रस सांगितला. मनीषाचा नवरा संदीप लोणावळ्यात एका हॉटेलात भजी तळतो. तीन दिवस तो कामावरून आला की बायकोच्या डोक्याला रस चोळत बसायचा. चौथ्या दिवशी वाटी खाली ठेवून म्हणाला, "तिकडं बी कांदा, हितं बी कांदा. आमाला सुट्टी हाय का न्हाई?"

मनीषाने डोकं धुतलं. त्यात आणखी मूठभर केस गेले.

* * *

शेवटी माझं ऐकून सासू-सून लोणावळ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी नीट समजावलं. गरोदरपणात जे केस गळायचे राहतात ते नंतर एकदम गळतात, काही महिन्यांत आपोआप थांबतं. जेवण नीट घ्या, रक्तवाढीची गोळी चालू ठेवा, नाहीच थांबलं तर तपासण्या करू.

बाहेर आल्यावर हिराबाई म्हणाल्या, "सुई न्हाई, मलम न्हाई. नुसतं थांबा म्हनून सांगाया हितवर बोलावलं व्हय?"

मनीषाला पहिल्यांदा धीर आला, तो मात्र त्याच दिवशी.

* * *

सातव्या महिन्यात बाळाचं उष्टावण होतं. मीही गेले. दारातच मनीषाने माझा हात धरून कपाळावर नेला. "ताई, हात लावून बघा." कपाळाच्या कडेने नवे, खुरटे केस उभे राहिले होते. "गळायचे पण थांबले. सोमवारपासून येते." चेहरा इतका फुलला होता की मी ओठांवर आलेला टोमणा गिळला. खरंच बरं वाटलं.

बाळाची खीर नव्याकोऱ्या स्टीलच्या वाटीतून आली. मी वाटीचं कौतुक केलं, तेव्हा मनीषाने कानात सांगितलं. तिचे गळलेले केस हिराबाई रोज केर काढताना वेचून पिशवीत ठेवायच्या. हिला वाटायचं, कुणी करणी करू नये म्हणून सासू जपतेय. परवा केसांवर भांडी देणारी बाई दारात आली आणि त्या पिशवीच्या बदल्यात ही वाटी घरात आली.

घरात सगळे खूश. हिराबाईंचंच तोंड तेवढं उतरलेलं.

मी विचारलं, "काय झालं मावशी? सुनेचे केस गळायचे थांबले, चांगलंच झालं की."

त्यांनी नातवाच्या वाटीकडे बघितलं, मग सुनेच्या डोक्याकडे.

"चांगलंच झालं. पन आजून म्हैनाभर गळलं असतं, तर ताट बी आलं असतं."