नागम्माची गोळी आणि दोन घराणी

ईट गावच्या गुलाब वाघमारे औषधशास्त्र शिकून मुंबईच्या एका कॅन्सर इस्पितळात लागल्या, तेव्हा त्यांच्या आईनं गावभर सांगितलं, लेक मोठ्या मेडिकलच्या दुकानात हाय. गुलाबबाई गोळ्या विकत मात्र नव्हत्या. एकच गोळी एका लेकराला तारते आणि दुसऱ्याला आडवं पाडते, असं का होतं, याच्या त्या मागं लागल्या होत्या.

त्र्याऐंशीच्या सुमाराला अणदूरची नागम्मा त्यांच्या वॉर्डात आली. पाच वर्षांची पोर, रक्ताचा कॅन्सर. बाकीच्या मुलांना सोसणारी गोळी हिला सोसेना. पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, तोंड आलं, ताप चढला. डॉक्टरांनी गोळी थांबवून पोरीला थोडे दिवस घरी धाडलं. पण गोळी बंद म्हणजे आजाराला रान मोकळं. ही गोळी मोडून तिचा जोर उतरवणारं एक द्रव्य रक्तात असतं; ते नागम्माला जन्मापासूनच कमी असणार, असं गुलाबबाईंना वाटत होतं. तसं असेल तर ते घराण्यातही दिसायला हवं.

"मग जा, घराणं घेऊन या," डॉक्टर हसून म्हणाले.

गुलाबबाई अणदूरला एस.टी.तून उतरल्या. नागम्माच्या घरी सुयांची पेटी उघडली आणि घटकाभरात आळीतले गडी गायब झाले. आणीबाणी सरून वर्षं लोटली होती, पण 'नसबंदीवाली आली' एवढी कुजबुज अजून पुरेशी होती. नागम्माच्या आईचे वडील रेवणप्पा याच गावचे, सत्तरी ओलांडलेले. ते कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले.

"आजोबा, तुमची नसबंदी करून सरकारला काय मिळणार?" गुलाबबाईंनी गंजीला विचारलं.

"सरकारचा काय भरोसा न्हाय, बाई!" गंजी म्हणाली.

रक्त मुंबईपर्यंत गार ठेवायचं होतं. दुष्काळात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं, तिथं बर्फ कुठला? तो दूध सोसायटीचे चेअरमन भीमाशंकर यांनी मागवून दिला. नळ्यांकडं बघत त्यांनी विचारलं, "दुधावानी रगताची बी फॅट लावत्यात व्हय?"

दमलेल्या गुलाबबाई बोलून गेल्या, "तसंच काहीतरी."

झालं! कुणाच्या रक्ताला फॅट जास्त, हे कळल्याबिगर गाव कसं राहील? नात्यातले, बिननात्यातले सगळे दारात रांग लावून उभे राहिले. सगळ्यात पुढं बाही वर केलेले रेवणप्पा. "लावा फॅट! म्हशीला मागं टाकतंय का न्हाय बघा!"

"फॅट कशाला बघायची?" नागम्माची आजी, म्हणजे बापाची आई लक्ष्मम्मा, चौकटीतून कडाडली. "आमच्या घराण्यात खोट न्हाय. सुनंच्या म्हायेराकडनंच आलंय हे."

"आमच्याकडनं?" रेवणप्पा उसळले. "तुमच्यातली निम्मी मानसं नुसत्या मेथीनं आजारी पडत्यात!"

नागम्माचं डोकं मांडीवर घेऊन तिची आई गिरिजाबाई बसली होती. तिनं फक्त हात पुढं केला. हे बोलणं ती कधीपासून ऐकतेय, हे गुलाबबाईंना त्या हाताकडं बघूनच कळलं.

निकाल ऐकायला दोन्हीकडचे मुंबईला हजर झाले, कारण एकानं ऐकलेलं दुसऱ्याला पटणार नव्हतं.

"दोघांकडनं आलंय," गुलाबबाई म्हणाल्या. "नागम्माच्या वडलांना, शिवप्पांना, ते द्रव्य अर्धं आहे, गिरिजाबाईंनाही अर्धं. अर्ध्यावर त्यांचं काही अडलं नाही. नागम्माच्या वाट्याला दोघांचंही उणंच आलं. यात दोष कुणाचाच नाही."

 मग लक्ष्मम्मानं हळूच विचारलं, "पर जास्त अर्धं कुनाचं?"

गिरिजाबाई सासूसमोर पहिल्यांदाच खदाखदा हसली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, पण दहावा हिस्सा. गुलाबबाई स्वतः गोळी कुटून पुड्या बांधत आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत लॅबच्या दारातून हलत नसत. पेशी टिकल्या. ताप आला नाही. महिन्यांमागून महिने गेले, आजार हटला. पुढं कुठल्याही लेकराला ही गोळी सोसली नाही, की गुलाबबाई आधी त्याच्या आईबापांचं रक्त तपासायच्या. कामाला तसं वळणच पडलं.

दोन वर्षांनी लक्ष्मम्मा धाकट्या लेकाला आणि त्याच्या ठरू घातलेल्या नवरीला घेऊन थेट इस्पितळात आली. "पत्रिका जुळल्यात. रगत तेवढं बघा."

"आज्जी, उरका लग्न," गुलाबबाई म्हणाल्या. "पुढं कुणाला काही झालंच, तर मी आहे की."

लग्नाला त्या गेल्या. नागम्माचे औषधांनी गेलेले केस परत आले होते. तिनं त्यात दोन गजरे माळले होते आणि ती कुणालाही त्यांना हात लावू देत नव्हती.