भिंतीवरची मरळ

"पेंटर, भिंतीवर रक्त कुणी सांडलं?"

चेअरमन दारातूनच बोलले. मी शिडीवरून उतरलो. हातात ब्रश, ब्रशावर तोच लाल रंग. नाही म्हणायची सोय नव्हती.

"ती मरळ माशाची पिलं आहेत, साहेब."

"झाकून टाक. परवा उद्घाटनाला पाहुणे येणारेत. तिथं राजहंसाची जोडी काढ. भोवती कमळं. कॅलेंडर देतो तुला."

"तेरणेत राजहंस नाहीत."

"तुला विचारलं का मी?"

त्र्याहत्तरचा उन्हाळा. माकणीच्या अलीकडचं, तेरणाकाठचं एक गाव. गावाने सहकारी पाणीपुरवठा संस्था काढली होती. म्हणजे सभासदांनी मिळून नदीवर इंजिन बसवायचं आणि पाइपाने पाणी शेतात न्यायचं. इंजिन आलं, पाइप आले, ऑफिस बांधून होत आलं. नदी मात्र आटली. पाहुण्यांना दाखवायला पाणी नाही, म्हणून चेअरमनना हॉलच्या भिंतीवर चोवीस फुटी नदी रंगवून हवी होती. पशुपक्षी, झाडंझुडपं, सगळं भरपूर.

मी परंड्याचा. तोवर दुकानांचे बोर्ड आणि ट्रकचे फाळके रंगवत होतो. 'उधारी बंद आहे' हे मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. चित्र काढ असं आयुष्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं होतं. मी हुरळून गेलो होतो, हे कबूल करतो.

एवढं मोठं चित्र थेट भिंतीवर काढत नाहीत. आधी कागदावर लहान काढायचं, त्यावर चौकटी आखायच्या. मग निळीत भिजवलेली दोरी भिंतीवर ताणून तेवढ्याच चौकटी मोठ्या पाडायच्या आणि एकेका चौकटीतलं चित्र वर न्यायचं. त्याआधी प्राइमरचे दोन हात. हात म्हणजे थर. प्राइमरवर ऑइल पेंट. हे सगळं मी चोख केलं. फक्त नदी काढताना नदीकडे पाहिलं नाही. सोलापूरहून एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं, त्यातली नदी उतरवली. निळंशार पाणी, चंदेरी मासे.

गवंडीकामाला पाणी आणून देणारी कौसाबाई नावाची एक बाई होती. साठीची असेल. नदीच्या वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीने घागर भरायची आणि डोक्यावरून आणायची, असं तिचं दिवसभर चाले. चौथ्या दिवशी ती घागर उतरवून चित्रापुढे थांबली.

"पेंटरदादा, ही नदी कुठली?"

"आपलीच की, मावशी. तेरणा."

"न्हाय. ही आपली न्हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "आपली नदी कवा निळी व्हती? मातकट व्हती. आन् ह्यो मासा कुनाचा?"

मला राग आला. चार दिवसांचं काम होतं. पण संध्याकाळी नदीवर गेलो तर तिचंच बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी मी निळं सगळं झाकलं आणि तिलाच म्हटलं, आता तुम्ही सांगा, मी काढतो. घागर रिकामी केली की दहा मिनिटं ती भिंतीपाशी बसायची. लव्हाळं कुठवर चढायचं, वाळुंजाची फांदी पाण्याला कशी टेकायची, पाणकोंबडी पिलं घेऊन कुठून निघायची, कासव कोणत्या दगडावर ऊन खायचं. काढलेलं पटलं नाही तर सरळ सांगायची. मी खोडायचो.

मरळीचं तिनेच सांगितलं. मरळीची पिलं लालभडक असतात. शेकड्यांनी पाण्याच्या वरच्या अंगाला गोळा होऊन फिरतात. लांबून कुंकू सांडल्यासारखं दिसतं. आणि त्यांच्या खाली, गढूळ पाण्यात, आई असते.

"तवा तिला धरत न्हाईत आमच्यात. कितीबी भूक लागूंद्या. जाळ्यात आली तर पुना सोडायची."

हे ऐकल्यावर मी चित्राची मधली सहा फूट जागा त्या मरळीला दिली. तीच चेअरमनच्या डोळ्यात खुपली.

"हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं कुणी?"

मी कौसाबाईचं नाव सांगितलं. ते हसले.

"संस्था माझी, भिंत माझी, आन् तू त्या वस्तीतल्या बाईचं ऐकून रंग लावतोस?"

"मीही परंड्याच्या भीमनगरातला आहे, साहेब. आणि नदी तिला माहीत आहे. तुम्हाला इंजिन माहीत आहे."

हॉलमधले गवंडी हातातलं काम सोडून बघायला लागले. बोललेलं परत घ्यावंसं मला वाटलं नाही.

"राजहंस काढणार का न्हाय?"

"नाही."

"मग चुना मारा रे ह्याच्यावर," त्यांनी गवंड्यांना सांगितलं. "तालुक्यात पुना काम मिळतं का बघतो तुला."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. चुना कोरड्या, खडबडीत भिंतीत मुरतो. ऑइल पेंटची भिंत काचेसारखी गुळगुळीत. चुना तिच्यावर वाळतो, पण धरत नाही. हे मी चेअरमनना तोंडावर सांगितलं. "ऑइल पेंटवर चुना टिकणार नाही, साहेब. उगाच पाणी वाया जाईल." गवंड्यांनाही ते ठाऊक होतं. पण चेअरमनना वाटलं, हा चित्र वाचवायला बाता मारतोय.

पांढरे दोन हात बसले. चुना कालवायला पाणी कौसाबाईलाच आणायला लावलं. तिने आणलं. भिंतीकडे तिने पाहिलं नाही. मला तेव्हा जे वाटलं ते शिव्यांशिवाय लिहिता येणार नाही. परंड्याला परत जायचं सोडून मी संस्थेच्या ओट्यावर पथारी टाकली. कुणी हाकललं असतं तरी गेलो नसतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांसाठी हॉलमधले नवे पंखे लावून पाहिले. तासाभरात चुन्याचे पापुद्रे सुटायला लागले. गाद्यांवर, हारांच्या ताटात, चेअरमनच्या टोपीवर. आधी वाळुंजाची फांदी दिसली, मग कासव, मग मधोमध लाल.

चेअरमन ओट्यावर आले. आवाज खाली आला होता.

"पेंटर, अर्ध्या तासात गाड्या येतील. काय करायचं?"

"उरलेला चुना ओल्या फडक्याने उतरवतो. पण त्यावर दुसरं काही काढणार नाही."

"बरं. उरक."

पाहुणे आले. भाषणाआधी ते चित्रापुढे गेले. नेमकं विचारलंच, "हे लाल काय आहे?" चेअरमननी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "ज्यांनी सांगितलं त्या बाहेर उभ्या आहेत. त्यांना विचारा."

कौसाबाईला आत बोलावलं. त्या हॉलमध्ये ती महिनाभर पाणी वाहत होती, पण आता उंबऱ्याशी थबकली. मग आली. पिलं, मरळ, जाळ्यातून सोडायची रीत, सगळं तिने न अडखळता सांगितलं. सभासद माना डोलवत होते. त्यांनाही माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

"आता मरळ कुठंय मग?" पाहुण्यांनी विचारलं.

"पानीच न्हाय, सायेब. तवर हितं ठिवलीया."

 

चित्र राहिलं. त्या तालुक्यात मला पुढची सात वर्षं कुणी बोर्ड रंगवायला बोलावलं नाही. चेअरमन शब्दाचे पक्के निघाले. मी परंड्यात, तुळजापुरात कामं केली आणि पोट भरलं. त्यानंतर कुठल्याही भिंतीचं काम घेताना मी आधी तिथे पाणी कोण भरतं ते विचारतो आणि त्याच्याशी बोलतो. चेअरमनशी नंतर.