अर्जाची तारीख

आमच्या वृद्धनिवासाच्या ऑफिसात त्यांना सगळे यादीवाले म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. एकतीस वर्षं एकच काम: खोली रिकामी झाली की प्रतीक्षायादी काढायची आणि ज्याचा अर्ज सर्वांत जुना, त्याला फोन लावायचा. वशिला घेऊन आलेल्याला ते आधी पाणी द्यायचे, मग दार दाखवायचे. इतका नाकासमोर चालणारा माणूस शेजारच्या टेबलावर बसला की आपणच काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. मला तर कधीकधी त्यांचा रागच यायचा.

त्यांच्या थोरल्या बहिणीचाही अर्ज या यादीत होता. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. आता ती एकटी, तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. रोज जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा.

"आला का रे माझा नंबर?"

"येईल गं ताई. यादीत आहेस तू."

"अहो, कितवी आहे ते एकदा बघा तरी," मी म्हणायचे.

"आज बघितलं की उद्या पुढे सरकवावंसं वाटेल," असं म्हणून ते डबा उघडायचे.

चार वर्षांपूर्वी यादी वेबसाइटवर गेली. प्रत्येक अर्जदाराचं एक खातं. जुने सगळे अर्ज आम्ही एकाच आठवड्यात चढवले, त्यामुळे खातं उघडल्याची तारीख सगळ्यांची जवळजवळ एकच. मग यादीवाल्यांनी पन्नाशी उलटल्यावर व्हिडिओ बघून बघून प्रत्येक खात्यात स्वतःची एक चौकट जोडली, 'अर्जाची तारीख'. तिच्यावर टिचकी मारली की यादी तारखेप्रमाणे लागायची. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

तारखा त्यांनी वह्यांवरून भरल्या. पहिली वही तेवढी बाइंडिंगला गेली होती. "सदतीस नावं राहिलीत," ते मला म्हणाले. "वही आली की सांगा. तोवर ती तळाशी दिसतील." वही महिन्याभराने आली. मीच ती कपाटात ठेवली आणि सांगायचं विसरले.

गेल्या महिन्यात ताई जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. आता ती स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आमच्याकडे प्रवेश फक्त चालत्याफिरत्या माणसांना. म्हणजे तिचं नाव कमी करणं आलं. "द्या, मी करते," असं मी म्हणून पाहिलं, पण ऐकतील तर ते यादीवाले कसले!

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी यादीत बहिणीचं नाव शोधलं. वरून खाली गेले, खालून वर आले. नाव नव्हतं. मग शोधायच्या जागी नाव टाकलं, तर खातं लगेच उघडलं. अर्जाची तारीख कोरी होती. कोरी चौकट असलेली माणसं तळाशी जात नव्हती. तारखेप्रमाणे यादी लावली की ती यादीतूनच नाहीशी होत होती. खाली एकूण नावांचा आकडा यायचा, तो रोज सदतीसने कमी असायचा. तो कुणीच पाहिला नाही. मीही नाही. या चार वर्षांत एकोणीस खोल्या दिल्या गेल्या होत्या.

"पहिली वही कुठंय?" त्यांनी विचारलं.

मी काढून दिली. कधीपासून कपाटात आहे, ते त्यांनी विचारलं नाही.

त्यांनी सदतीसच्या सदतीस तारखा एका बैठकीत भरल्या आणि चौकटीवर टिचकी मारली. सगळ्यांत वर ताईचं नाव आलं.

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलातून तिचाच होता.

"आला का रे माझा नंबर?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "आला, ताई. पहिली आहेस."

"बघ! मी म्हणत होते ना!" तिचा आवाज मलाही ऐकू आला. "जरा हिंडूफिरू लागले की येतेच. खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं."

"नाही देत," ते म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

फोन ठेवून त्यांनी माउस हातात घेतला आणि तिच्या नावापुढे 'अपात्र' अशी खूण केली. आता तरी सांगावं, असं मला फार वाटलं. मी डबा उघडला.