आईचं गाणं आणि तीन सॉफ्टवेअरं

चाकणच्या एका कंपनीत मी परचेसला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. परचेसमध्ये एक शिस्त अंगात भिनते: तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, मग सॅम्पल, मग ऑर्डर. खिळा घ्यायचा असला तरी.

आईनं जयंतीसाठी गाणं रचलं. मिरवणुकीत भाड्याचा डीजे दरवर्षी काय वाजवतो ते वस्तीला तोंडपाठ झालंय. यंदा ट्रकवर तिला स्वतःचं गाणं हवं होतं. मंडळाची पोरं म्हणाली, "काकू, गुरुवारी संध्याकाळपर्यंत पेनड्राइव्ह द्या, वाजवतो. नाही आला तर डीजे आहेच."

"तू शिकलीस, तू कर," आई मला म्हणाली. माझी डिग्री कॉमर्सची. पण आमच्या घरात स्क्रीन असलेली प्रत्येक वस्तू माझ्या डिग्रीत येते.

मी रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरं शोधून तक्ता केला. एक फुकट, पण दिसायला सरकारी कार्यालयाच्या खिडकीसारखं. दुसऱ्यानं कॉम्प्युटरचा पंखा असा फिरवला की बाबा म्हणाले, "गिरणी कुणी चालू केली?" तिसरं देखणं आणि महाग, पण त्याचा डेमो फुकट. डेमोत सगळं चालतं, फक्त सेव्ह होत नाही. हे मी तक्त्यात लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

बुधवारी शिफ्ट सुटल्यावर, आई कामाला जाते त्या कॅन्टीनमधल्या दोघी घरी आल्या, एक ढोलकीसकट. मी तिघींना डेमोत गायला लावलं. माझ्या लेखी ते सॅम्पल होतं. त्यांच्या लेखी गाणं. आणि काय गायल्या. आईच्या आवाजाबद्दल जन्मभर फक्त 'हळू बोल' एवढंच म्हणालेले बाबा दारात येऊन उभे राहिले.

"आता फायनल घेऊ," मी म्हणाले.

"मग आत्तापर्यंत काय भाजी निवडत होतो?" ढोलकीवाल्या मावशी म्हणाल्या. त्यांना लातूरची गाडी गाठायची होती. त्या गेल्या, ढोलकी घेऊन.

आता गाणं कॉम्प्युटरमध्ये होतं, पण तो चालू आहे तोवरच. आणि उद्या गुरुवार. आमच्याकडं गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते, आणि लाइटलाही.

मी आईला खरं ते सांगितलं.

"एवढा तक्ता केलास, त्यात नव्हतं हे?"

"होतं."

"मग वाचायला कुणाला बोलवायचं होतं?"

रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवला. सकाळी मुकाट्यानं ते महागडं सॉफ्टवेअर विकत घेतलं. पैसे गेले, आभाराचा निरोप आला, आणि त्याखाली एक ओळ: बदल लागू होण्यासाठी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा.

बाबा चष्मा लावून म्हणाले, "म्हणजे आधी मुडदा पाडा, मग औषध देतो."

तेव्हा मला माझ्या बॅगेतला कंपनीचा जुना लॅपटॉप आठवला. त्यात काही नवीन टाकायची परवानगी नाही, पण आवाज टिपायचं एक साधंसं ॲप मुळातच असतं. माझ्या तक्त्यात त्याला रकानासुद्धा नव्हता. खाली गाड्यांना टेप बसवणाऱ्या चाचांकडं पळाले आणि दोन्ही टोकांना पिन असलेली वायर मागितली.

"कोणती गाडी, बेटा?"

"गाडी नाही चाचा, आई."

"आईला वायर लागते?" ते म्हणाले, पण दिली.

एक टोक कॉम्प्युटरच्या हेडफोनच्या भोकात, दुसरं लॅपटॉपच्या माईकच्या. गाणं लावलं. तिघंही उगाचच खोकला दाबून बसलो. गाणं संपलं, लॅपटॉपवर उतरलं, आणि बाबा चहा टाकायला उठले तोच लाइट गेली. कॉम्प्युटर काळा पडला. आईनं लॅपटॉपकडं बोट केलं. मी वाजवलं. आवाज जरा फाटला होता, पण आई होती.

पेनड्राइव्ह बाबांनी स्वतः नेऊन दिला. मिरवणुकीत गाणं वाजलं, आणि आई ट्रकच्या पुढं अशी चालली की जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

नंतर एकदा मी ते विकतचं सॉफ्टवेअर उघडलं. आता ते हवं ते सेव्ह करायला तयार होतं आणि आत काहीच नव्हतं. आई मागं येऊन उभी राहिली.

"पैसे भरलेत ना? मग रिकामं कशाला ठेवतेस? अजून दोन गाणी आहेत माझ्याकडं."